बेबीने बाजूला ठेवलेला पॅक

बेबी, तुझं तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी तुझ्या पॅकचे दोन आठवडे भरले.

माझ्या बरोबर लक्षात होतं. बाकी बरंच काही डोक्यातून निसटतंय. चहात साखर दोनदा पडते, नाहीतर पडतच नाही. दुपारी उगाच दोन ताटं घेते आणि एक परत मांडणीवर ठेवते. पण गॅलरीतल्या लादीवर, वाळूच्या बादलीला टेकून, निळ्या प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेला तुझा तो विटेएवढा बॅटरी पॅक बसलाय, त्याला हात कधी लावायचा ते काही विसरले नाही. तूच सांगून ठेवलं होतंस. "वहिनी, फुल चार्ज करून ठेवलाय. दोन आठवडे त्याच्याकडे बघायचं पण नाही. मग आपण मोजू." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तू गेलीस.

भजनी मंडळातल्या बायका म्हणाल्या, बेबीवर चार ओळी लिहा, तुम्ही लिहिता ना काहीबाही. मी सातवीत शाळा सोडली, पुढचं सगळं वाणसामानाच्या पुड्यांवरचं वाचून वाचून शिकले, त्याला या लिहिणं म्हणतात. चार ओळींत तू मावणार आहेस होय? आणि तुझ्यावर लिहायचं म्हणजे तुझ्यापाठी बोलल्यासारखं होतं. म्हणून तुझ्याशीच बोलते. अर्धं राहिलेलं भांडण आहे आपलं, ते मी दुसऱ्या कुणाशी करू?

पासष्टी ओलांडलीस तरी तू बेबीच राहिलीस. माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण, म्हणजे माझी नणंद, पण तुला वन्सं म्हणायला माझी जीभ कधी वळली नाही. पार्सलवाला दारात उभा राहून विचारायचा, "बेबी का खिलौना है क्या?" आणि खोक्यातून काय निघायचं, तर तांब्याच्या जाड वायरी, कनेक्टर, कसली कसली सर्किटं. तू गंभीर चेहऱ्याने सही करायचीस आणि म्हणायचीस, "हां, बेबी बहुत रो रही थी."

मी लग्न होऊन आले तेव्हा तू अंधेरीच्या एका कारखान्यात जायचीस, रेडिओच्या पाट्यांवर सोल्डरिंग करायला. रांगेत बसलेल्या सगळ्या बायकांचा उजवा हात चालायचा, तुझा एकटीचा डावा. लहानपणी आईंनी हातावर मारून बघितलं, ताटाशी उजवा हात धरून बसवलं. जेवायला तेवढी तू उजव्या हाताने शिकलीस. बाकी सगळं आयुष्य डाव्या हाताने केलंस. शिवाय उंच. एवढी उंच की तुला बघायला आलेले पाहुणे आधी तुझ्या पायांकडे बघायचे, टाचांच्या चपला घातल्यात का म्हणून. तुझं लग्न का झालं नाही यावर या घरात पुष्कळ बोललं गेलं. तू त्यातलं काहीच मनाला लावून घेतलं नाहीस, निदान आम्हाला तसं दिसलं. माझं म्हणशील तर तू उंच होतीस म्हणून मला वरच्या फळीवरचे डबे मिळायचे. काल पोह्यांच्या डब्यासाठी पाटावर चढले आणि तिथेच जरा वेळ उभी राहिले.

कारखान्यातून निवृत्त झालीस, सांताक्रूझची तुझी खोली पाडायला काढली आणि तू दोन महिन्यांसाठी म्हणून आमच्याकडे बोरिवलीला आलीस. एक बॅग आणि एक सोल्डरिंगचं आयर्न. ते दोन महिने काही संपले नाहीत. माझा नीलेश लग्न करून दहिसरला राहायला गेला. नंतर तुझे दादा गेले. या तीन माळ्यांच्या, लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगीच्या अगदी वरच्या मजल्यावर राहिलो तू आणि मी.

बॅटऱ्यांचं वेड मात्र दादा असतानाच लागलं होतं. नीलेशने बंद पडलेला लॅपटॉप टाकायला काढला आणि तू त्याची बॅटरी फोडलीस. आत सहा सेल, पेन्सिल सेलपेक्षा थोडे जाडे. मीटर लावून म्हणालीस, "बघ वहिनी, एकच मेलाय. एकाच्या पायी पाच जणांना घराबाहेर काढलंय." मला ते ऐकून वाईटच वाटलं. त्या पाचांना तू ठेवून घेतलंस. मग कुर्ल्याच्या भंगारातून आणखी आले, बॅटरीवरच्या स्कूटरच्या पॅकमधले, ड्रिल मशीनमधले. त्यांना तू दमदार म्हणायचीस. लॅपटॉपचे सेल हळूहळू देणारे, हे एका दमात देणारे. माझी तुळस गॅलरीतून खिडकीत गेली.

पहिलं काय केलंस, तर माझ्या खवणीला ड्रिलची मोटर लावलीस. म्हणे वहिनीची मनगटं दुखतात. मी म्हटलं, "अगं, नारळ खवायचाय, विहीर खणायची नाहीये." तू बटण दाबलंस, नारळाची वाटी माझ्या हातातून सुटली ती थेट वर. खोबरं पंख्याच्या पात्यांवर जाऊन बसलं. नंतर कितीतरी दिवस पंखा लावला की दादांच्या पेपरवर खोबऱ्याचा चव पडायचा. दादा म्हणाले, "बेबी, सोलकढी मला प्यायची होती. अंगावर घ्यायची नव्हती." तू तीच मोटर संथ करून दिलीस आणि आजही मी त्याच खवणीवर नारळ खवते. हे तुला कधी नीट सांगितलं नाही, मनगटं खरंच दुखायची थांबली. मी आपली दरवेळी पंख्याचीच आठवण काढायची.

मग मंडळाच्या माइकसाठी पॅक. गणपतीत ऐन आरतीच्या वेळी बिल्डिंगीची लाइट गेली, आणि अंधारात आमचा माइक चालू. खाली उभे असलेले पुरुष वर बघत राहिले. तू टाळ वाजवता वाजवता माझ्या कानाशी म्हणालीस, "आज मंडळ अख्खं झोपेल, पण हा नाही झोपायचा."

तुझी एक पद्धत होती, ती मी सगळ्यांना सांगते हल्ली, विचारोत न विचारोत. सेल आणलास की तू तो लगेच वापरायची नाहीस. भरायचीस आणि बाजूला ठेवायचीस. "भरला त्या दिवशी सगळेच छाती काढून उभे असतात. दोन आठवडे कुणी काही न मागता नुसता ठेवला आणि तरी गळला, तर तो आतून खराब. तो वरून कळत नाही." आणि दुसरी परीक्षा त्याच्याही पुढची. मीटरवर आकडा चांगला आला तरी तुझा विश्वास नाही. रिक्षाच्या हेडलाइटचा बल्ब जोडायचीस. "आता भार दिला. आता बघ." काही सेल बल्ब लागता लागताच मान टाकायचे. अशांना तू नातेवाइकांची नावं द्यायचीस. एक सेल तर अख्खं वर्षभर बाळूमामा होता. लग्नात सगळ्यांच्या पुढे, पंगत वाढायची वेळ आली की पाठ दुखते. बाळूमामांना हे शेवटपर्यंत कळलं नाही आणि तुझ्या दहाव्याला ते येऊन इतकं चांगलं बोलले की मला तोंडावर पदर घ्यावा लागला. लोकांना वाटलं रडतेय. दोन्ही होतं.

पॅकवर जे छोटं सर्किट असतं, कुणी जास्त ओढायला लागलं की सगळंच बंद करून टाकणारं, त्याला तू 'आई' म्हणायचीस. "घरात कुणी जरा मोठ्याने हसलं की आई कशी मेन स्विच बंद करायची, तसंच." मी म्हणायची, मेलेल्या माणसाला नावं ठेवू नकोस. तू म्हणायचीस, "नावं कुठे ठेवते? तिच्यामुळेच तर घर जळलं नाही."

आता खुर्चीवर येते. यायलाच पाहिजे.

गेल्या दिवाळीनंतर तू कुर्ल्याहून एक जुनी चाकाची खुर्ची आणलीस. टेम्पोतून उतरवून जिन्याखाली ठेवलीस, यादवच्या, आपल्या वॉचमनच्या स्टुलाशेजारी. वर येऊन मला म्हणालीस, "वहिनी, तुझ्यासाठी गाडी आणलीय." मुलं जिच्यावर उभी राहून कॉरिडॉरमधून पळतात ना, त्या दोन चाकांच्या पाटीच्या मोटरी तिला बसवणार होतीस. त्यासाठी दमदार पॅक लागणार होता. चढावर मोटरी एकदम खूप ओढतात आणि तेव्हा कमकुवत पॅक असला तर आई मेन स्विच बंद करणार. तू सगळं डोळे मोठे करकरून सांगत होतीस आणि मी तव्यावरची भाकरी उलटायची विसरले, इतका मला राग आला.

"मला खुर्चीत बसवायला निघालीस? मी चालते अजून."

"कोण नाही म्हणतंय? घरात चाल. पण जेट्टीपर्यंत जायचं झालं तर?"

"जेट्टीपर्यंत पण चालते."

"चालतेस, पण पोचतेस कधी? तोवर बोट पलीकडे जाऊन परत येते."

गोराईची तुला ओढ होती. खाडीपलीकडे बोटीने जायचं, तिकडच्या बायकांकडून ताजी भाजी घ्यायची, मिळाले तर बोंबील, आणि किनाऱ्यावर बसून यायचं. दादा होते तेव्हा आपण जायचो. नंतर माझ्या गुडघ्यांमुळे बंद पडलं असं तू म्हणायचीस आणि मी तेही मान्य करत नव्हते. खुर्ची झाली की पहिली सफर गोराईची, असं तू ठरवून टाकलंस. बोटीवर स्कूटर जाते तर खुर्ची का नाही जाणार, असं म्हणून तू बोटवाल्याला विचारूनही आलीस.

मी बसलेच नाही. आठवडे गेले, महिने गेले, मी खाली जाताना खुर्चीकडे बघायचीसुद्धा नाही. मग तू काय केलंस, खुर्चीत तांदळाची दोन पोती बसवलीस. म्हणालीस, "वहिनीचं वजन साधारण इथपर्यंतच आहे." वर माझी शाल पांघरलीस. आणि तो सगळा सरंजाम सोसायटीच्या गेटच्या चढावर नेऊन चाचणी. अर्ध्या चढावर आईने मेन स्विच बंद केला आणि मी, म्हणजे पोती, मागे मागे येऊन, गेटबाहेर मांडलेल्या यादवच्या स्टुलाला धडकले. यादव उठून उभा राहिला आणि सवयीने म्हणाला, "नमस्ते माताजी." हे तू वर येऊन मला सांगितलंस तेव्हा मी हसले, हे खरं आहे. पण तुझ्यासमोर नाही. स्वयंपाकघरात जाऊन हसले. बघ, हेसुद्धा राहिलंच की सांगायचं.

म्हणून मग नवा पॅक. जास्त दमदार सेल, सगळे तपासून, दोन दोनदा बाजूला ठेवून निवडलेले. पट्ट्या जोडताना तू मला धरायला बसवायचीस, आणि मी बसायचे. खुर्चीवर राग होता, पॅकवर नव्हता. "दोन टोकं एकत्र लागू देऊ नकोस हां, बांगडी काढ," असं दरवेळी सांगायचीस, जसं काही मी पहिल्यांदाच बसतेय. पिवळा कनेक्टर लावलास, एकाच बाजूने बसणारा. "हा मुद्दाम. उलटा बसतच नाही. तू रागात लावलास तरी सरळच लागेल."

आणि जिना. जिन्याबद्दल लिहायचं म्हणून इतकं सगळं लिहिलं, आणि आता पेन थांबतंय.

भाजी घेऊन आपण दोघी वर यायचो, तेव्हा तू प्रत्येक मजल्यावर थांबायचीस. पिशवी खाली, मोबाइल बाहेर, कुणाचा काय मेसेज आलाय बघ. कधी चपलेचा पट्टा. "थांब गो वहिनी, जरा दमाने. तुझे गुडघे." मला इतका संताप यायचा. माझे गुडघे माझ्याशी बोलतात, तुझ्याशी नाही, असं मी एकदा पहिल्या मजल्यावरच्या जोशीणबाईंच्या देखत म्हटलं. तू नुसती हसलीस. मला वाटायचं, ही मला म्हातारी ठरवतेय. खाली ती खुर्ची, इथे हे थांबणं. आणि तू माझ्यापेक्षा लहान, उंच, लांब टांगा टाकत कुर्ल्याला जाणारी. तुला कशाला थांबावं लागतंय?

शेवटचं भांडण त्याच दिवशी झालं, पॅक तू बाजूला ठेवलास त्या दिवशी. दुसऱ्या मजल्यावर. तू नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबलीस. कठड्याला टेकून म्हणालीस, "पॅक झालाय. दोन आठवड्यांनी लावू. एकदा बस ना गो. जेट्टीपर्यंतच जाऊ."

मी म्हटलं, "तुला एवढी हौस आहे तर तूच बस."

तू माझ्याकडे बघितलंस. काहीतरी बोलणार होतीस. तोंड उघडलंस, मला स्पष्ट आठवतंय. मग मोबाइल काढलास आणि म्हणालीस, "नीलेशचा फोन येऊन गेला वाटतं." नीलेशचा फोन आला नव्हता. मी त्याला विचारलं नंतर.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू कोथिंबीर निवडायला बसलीस आणि म्हणालीस, "वहिनी, जरा पाणी दे." पाणी घेऊन येईपर्यंत तू भिंतीला टेकली होतीस, डोळे मिटून. बिल्डिंगीतल्या चौघांनी तुला जोशीणबाईंच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खाली नेलं. तीन मजले. मी मागून उतरले. मला कुठेही थांबावं लागलं नाही, बेबी. एका दमात उतरले मी.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई माझ्या नीलेशपेक्षाही लहान. तिने मला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारलं, "आजी, यांना जिना चढताना दम लागत असेल ना? बरेच महिने?"

मी म्हटलं, "नाही हो. दम मला लागतो. ती माझ्यासाठी थांबते."

तिने माझ्या हातावर हात ठेवला. आणि मी तिथे बाकावर बसून माझंच वाक्य परत परत ऐकत राहिले. प्रत्येक मजला आठवला. पिशवी आधी तू खाली ठेवायचीस. श्वास तुझा वाजायचा. मी रागावलेली असायची म्हणून मला माझाच आवाज ऐकू यायचा. घरात बसलीस, बोललीस, विनोद केलेस, की तू भरलेलीच दिसायचीस. छाती काढून उभी. मीटरवर आकडा चांगलाच यायचा. भार दिला की काय होतं ते दिसायची जागा एकच होती, जिना, आणि तिथे मी बघत होते माझ्या गुडघ्यांकडे. ज्या बाईने भंगारातल्या एकेका सेलला दोन आठवडे निरखलं, तिला तिच्याच घरात कुणी एकदा नीट मोजलं नाही.

तू का नाही सांगितलंस, हा माझा तुझ्यावरचा राग आहे. तो ठेवून घेतलाय मी, एवढ्यात जाणार नाही तो. तू म्हणशील, सांगितलं असतं तर तू मला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नसतंस, कुर्ला बंद, बॅटऱ्या बंद. खरं आहे. मी आईंच्या हाताखाली तयार झालेय, मेन स्विच कुठे असतो ते मला माहीत आहे. पण निदान डॉक्टरकडे तरी ओढत नेलं असतं ना.

तेराव्याच्या संध्याकाळी नीलेश गॅलरीत गेला आणि म्हणाला, "आई, हे सगळं उद्या देऊन टाकू. बॅटऱ्यांचं कलेक्शन असतं, तिथे नेतो. घरात आगीचं सामान नको."

"बाकीचं ने. हा पॅक उद्या मोजायचाय."

"कशासाठी? आत्या नाही आता."

"दोन आठवडे उद्या भरतात."

मग त्याने तुझा मीटर काढून दिला आणि म्हणाला, "उद्या सकाळी येतो. मी असल्याशिवाय हात लावू नकोस." तुझाच भाचा.

काल सकाळी आम्ही मोजलं. बांगड्या मी आधीच काढल्या होत्या. तू दाखवलं होतंस तसं एकेका जोडाला मीटर लावला. सगळे चार व्होल्टच्या वर, आणि सगळे सारखे, मंडळात एका पट्टीत गाणाऱ्या बायकांसारखे. एकही गळला नव्हता. मग रिक्षाचे तीन बल्ब एकामागे एक जोडून भार दिला. भर सकाळी गॅलरीत तिन्ही लागले आणि लागलेलेच राहिले. नीलेश म्हणाला, "आत्याने झकास बनवलाय." त्याचा आवाज बदलला, म्हणून मी मीटरकडे बघत बसले.

खाली जिन्याखाली यादवने खुर्ची पुसून ठेवली होती. तू गेल्यापासून रोज पुसतो म्हणे. पिवळा कनेक्टर लावला. सरळच लागला. नीलेशने विचारलं, "बसतेस?" आणि मी बसले. तुझ्या हयातीत नाही, आता बसले.

चालवायचा दांडा डाव्या बाजूला होता. म्हटलं, सवयीने झालं असेल, डावरी ती. मग पाय ठेवायला गेले तर खाली काहीच लागेना. पावठा पार खाली. माझे पाय लहान मुलीसारखे लोंबत होते. नीलेश वाकून म्हणाला, "हे चुकलंय वाटतं. दोनच बोल्ट आहेत आई, वर घेतो."

चुकलं नव्हतं. मोजल्याशिवाय तू पडद्याची दोरीसुद्धा कापली नाहीस कधी. माझ्या स्वयंपाकघराचा ओटा माझ्या उंचीचा करून घ्यायला गवंड्याशी भांडलेली तू, माझे पाय कुठवर येतात ते तुला माहीत नव्हतं? तो पावठा लांब पायांच्या बाईसाठी होता. दांडा डावऱ्या हातासाठी होता. पोत्यांना पाय नसतात, म्हणून चाचणीत कुणाला कळलं नाही. तू माझ्या नावाने स्वतःसाठी खुर्ची करत होतीस. आधी मला बसवणार होतीस, म्हणजे मग 'आज मी बसून बघते गो' म्हणायला मोकळी. आणि मी दुसऱ्या मजल्यावर उभी राहून तुला म्हटलं, तूच बस.

नीलेशला म्हटलं, "बोल्ट राहू देत." आणि उतरले.

काल संध्याकाळी मी जेट्टीवर गेले, बेबी. चालत. खुर्ची बरोबर घेतली, रिकामी. तिच्या डाव्या बाजूने चालले, दांडा हातात धरून, आणि ती माझ्या चालीने शेजारून येत राहिली. नीलेश चार पावलं मागे होता. लोक बघत होते. एक बाई थांबून म्हणाली, "आजी, खुर्ची आहे ना, मग बसा की." मी म्हटलं, "माझी नाही ती." गुडघे बोलत होते, बोलू दिले. जेट्टी आली तेव्हा बोट नुकतीच सुटली होती. तू म्हणायचीस तसंच. ती पलीकडे जाऊन परत येईपर्यंत आम्ही तिथेच थांबलो.

एवढंच तुला सांगायचं होतं. जेट्टीपर्यंत मला चालता येतं. तेव्हाही येत होतं. तू खुर्चीत बसली असतीस आणि मी अशीच बाजूने चालले असते.

येताना मात्र मी बसले. चढ आहे ना. पाय लोंबत होते, दांडा डाव्या हाताने नीट जमत नव्हता, दोनदा फुटपाथला घासली. पण गेटच्या चढावर पॅक थांबला नाही. एका दमात वर घेऊन आला मला.